सतरा-सीचा कागद अजून माझ्याकडेच आहे

महाराष्ट्राच्या २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत हरलेल्या पक्षांच्या नेत्यांना आणि कार्यकर्त्यांना,

सप्रेम नमस्कार.

घाटकोपर आणि मुलुंडच्या मधे डोंगरावर ज्या चाळी चढत गेल्या आहेत, त्यांतल्या एका चाळीत मी राहते. पोळी-भाजीचे डबे करून देते. माझ्याकडे तीन बायका पोळ्या लाटायला येतात. २० नोव्हेंबरला मी आमच्या मतदान केंद्रात तुमच्यापैकी एका पक्षाची पोलिंग एजंट म्हणून बसले होते, आणि केंद्रात एकूण किती मतं पडली त्याचा सतरा-सीचा कागद मला तिथेच मिळाला. कुठल्या पक्षाची ते लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते एका पक्षापुरतं नाही. ज्यांच्यासाठी बसले त्यांनाच मत दिलं, आणि ते हरले.

२३ तारखेला सकाळी डबे गेल्यावर टीव्ही लावला. दुपारपर्यंत सगळं स्पष्ट झालं होतं. २८८ पैकी एकट्या भाजपला १३२, महायुतीला मिळून २३० च्या वर. महाविकास आघाडीचे तिन्ही पक्ष मिळून ४६. मुंबईतल्या ३६ पैकी २२ जागा महायुतीकडे गेल्या. मी गॅस बंद केला आणि बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिले. वाईट वाटलं, रडूही आलं. पण हरणं मला नवीन नाही. मी १९९० पासून मत देतेय, त्यात निम्म्या वेळा माझं माणूस पडलेलं आहे.

हे पत्र त्या संध्याकाळी जे ऐकलं त्याबद्दल आहे.

संध्याकाळी मी पक्षाच्या कार्यालयात गेले. वाटलं होतं, पडलो तरी चार माणसं एकत्र बसतील, चहा होईल, कुठे काय चुकलं ते बोलतील. तिथे आमच्यातलाच एक जण, ज्याला मी मुलासारखा मानते, मोठ्यानं म्हणाला, ‘बायका विकल्या गेल्या पंधराशेत.’ दोघे-तिघे माना हलवत होते. खोलीत आम्ही चार बायका होतो. चौघींपैकी कुणीच काही बोललं नाही. मी उठले आणि पायऱ्या चढून घरी आले. त्यानंतर दोन-तीन आठवडे तेच वाक्य मोबाईलवर, लग्नाच्या पंगतीत, बसस्टॉपवर, शिकल्या-सवरलेल्या माणसांच्या तोंडून ऐकतेय. काही जण तर आमचे मोठे डबे घेणारे आहेत, त्यांना मी काय सांगणार. म्हणून तुम्हाला लिहितेय. तुमची माणसं हे बोलतायत आणि तुम्ही त्यांना थांबवत नाही.

लाडक्या बहिणीचा, म्हणजे बायकांच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये देणाऱ्या महायुती सरकारच्या योजनेचा, फॉर्म मीही भरला होता. माझं वय बसत होतं, उत्पन्न अडीच लाखांच्या आतलं आहे, केशरी रेशनकार्ड आहे. मतदानापर्यंत माझ्या खात्यात ७,५०० रुपये आले. ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे ३,०००, सप्टेंबरचे १,५००, आणि दिवाळीआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पुन्हा ३,०००. ते घेतले आणि मत ज्यांना द्यायचं होतं त्यांनाच दिलं. आमच्या खालच्या चाळीतल्या सुनेनंही तेच केलं, तिनं स्वतः मला सांगितलं. मग आम्ही दोघी कोण? पैसे घेऊन फसवणाऱ्या? की सरकारच्या तिजोरीतून, म्हणजे आमच्याच कराच्या पैशातून, जे मिळालं ते हक्कानं घेतलेल्या? मी मीठ घेते, तेल घेते, गॅस भरते, त्या सगळ्यावर कर देते. ते पैसे कुणा पुढाऱ्याच्या खिशातले नव्हते, हे मला पक्कं माहीत होतं. बाकीच्या बायकांनाही माहीत होतं. तुम्ही त्यांना विचारलंत तर त्या सांगतील.

आता जुलै महिना आठवा. कारण माझ्या मते तुम्ही नोव्हेंबरमध्ये हरला नाहीत, जुलैमध्ये हरलात.

२८ जूनला अर्थसंकल्पात योजना जाहीर झाली आणि १ जुलैपासून फॉर्म सुरू झाले. पहिले काही दिवस नुसता गोंधळ. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, बायका तहसील कार्यालयाबाहेर सकाळपासून उभ्या. मग नियम सैल झाले, पिवळं-केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, साठची अट पासष्ट झाली. पण फॉर्म भरायचा कुणी? अंगणवाडीच्या ताईंच्या गळ्यात हे काम पडलं, एका फॉर्ममागे पन्नास रुपये. त्या बिचाऱ्या रात्री अकरापर्यंत मोबाईलवर डोळे फोडत होत्या. ‘नारी शक्ती दूत’ ॲप उघडायचं नाही, ओटीपी यायचा नाही, फोटो चढायचा नाही. हमीपत्रावर सही, सही येत नसेल तर अंगठा. बऱ्याच जणींच्या आधारला जोडलेलं खातं कुठलं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. कधीतरी काढलेलं, बंद पडलेलं, गावच्या पत्त्यावरचं.

८ जुलैला पहाटे मुंबईत सहा तासांत ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला, लोकल बंद होती, तुम्हाला आठवत असेल. त्या दिवशी आमच्या पायऱ्यांवरून पाणी धबधब्यासारखं येत होतं. पायऱ्या जिथे सुरू होतात तिथे ताडपत्री बांधून टेबल टाकलं होतं, लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोन मुलं बसलेली, आणि समोर छत्र्या धरून चाळीस-पन्नास बायका. ती मुलं तुमच्याविरुद्धच्या पक्षाची होती. त्यांनी फॉर्म भरले. फेटाळलेले पुन्हा भरले. ज्यांचं आधार जोडलेलं नव्हतं त्यांना बँकेत घेऊन गेले, रांगेत उभे राहिले. एकीला तर तिच्या नवऱ्यानं कागद द्यायला नकार दिला होता, तर त्या मुलांनी नवऱ्याची समजूत काढली.

मी त्याच आठवड्यात आपल्या कार्यालयात जाऊन सांगितलं होतं, आपणही टेबल टाकूया. आपल्याकडे मुलं आहेत, लॅपटॉप आहे, जागा आहे. मला उत्तर मिळालं, ‘त्यांच्या योजनेचं काम आपण कशाला करायचं? निवडणूक झाली की बंदच होणार आहे ती.’ मी म्हटलं, योजना त्यांची नाही, सरकारची आहे, आणि फॉर्म भरायला येणारी बाई आपली आहे. त्यावर कुणी काही बोललं नाही. टेबल पडलं नाही.

माझ्याकडे पोळ्या लाटणाऱ्या एक मावशी आहेत. अठ्ठावन्न वर्षांच्या. नवरा आहे, दोन मुलगे आहेत, सुना आहेत. आयुष्यभर कमावलं, पण पैसे आधी नवऱ्याच्या हातात आणि नंतर मुलाच्या हातात. ऑगस्टमध्ये त्यांच्या खात्यात ३,००० आल्याचा मेसेज आला. त्यांना वाचता येत नाही, मी वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याबरोबर एटीएमला आल्या. आत जायला बिचकत होत्या, कारण याआधी त्या एटीएमच्या आत कधी गेल्याच नव्हत्या. १,००० काढले. तिथून आम्ही चष्म्याच्या दुकानात गेलो. दोन वर्षं त्यांना जवळचं दिसत नव्हतं, कणकेतला केस दिसायचा नाही म्हणून मी कितीदा ओरडले असेन. मुलाला सांगितलं की तो म्हणायचा, पुढच्या महिन्यात बघू. चष्मा घालून त्यांनी पहिल्यांदा स्वतःचे हात बघितले. ‘किती भाजलंय गं,’ एवढंच म्हणाल्या. येताना रिक्षात मला म्हणाल्या, ‘कुणाला विचारलं नाही मी.’

त्या मावशींनी मत कुणाला दिलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण त्यांनी जर त्या टेबलावरच्या मुलांच्या पक्षाला दिलं असेल, तर मला त्यात विक्री दिसत नाही. पंचेचाळीस वर्षांच्या कष्टात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या नावावर, त्यांच्या हातात काही दिलं, आणि ते मिळावं म्हणून कुणीतरी पावसात त्यांच्यासाठी बसलं. त्याची आठवण ठेवून माणूस मत देतो. तुम्हीही पिढ्यान्‌पिढ्या अशाच आठवणींवर मतं मिळवलीत. कुणी रात्री दवाखान्यात नेलं, कुणी शाळेत प्रवेश मिळवून दिला, कुणी मयताला खांदा दिला. तेव्हा त्याला विकणं म्हटलं गेलं नाही.

आणि लोकसभेचं काय? त्या मतदानाला सहाच महिने झाले होते. २० मे आणि २० नोव्हेंबर, तारीखही एकच. मे महिन्यात याच बायका, याच पायऱ्या उतरून, उन्हात दोन-दोन तास रांगेत उभ्या राहिल्या. महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या. मुंबईत सहापैकी चार, आमची ईशान्य मुंबईसुद्धा त्यांत होती. ४ जूनच्या रात्री आपल्या कार्यालयासमोर पेढे वाटले. भाषणात म्हटलं गेलं की मतदार सुज्ञ आहे, महाराष्ट्राचा माणूस विकला जात नाही, झोपडीतल्या बाईनं संविधान वाचवलं. मी टाळ्या वाजवल्या होत्या. ती झोपडीतली बाई नोव्हेंबरमध्ये बदलली का? तिचं घर तेच, तिचा नळ तोच. तुम्हाला मत दिलं तेव्हा ती सुज्ञ आणि दुसऱ्याला दिलं तेव्हा विकलेली, हे तिच्या तोंडावर बोलायला तुमच्यापैकी कुणी तयार आहे का? असेल तर माझ्या स्वयंपाकघरात या. सकाळी सहा ते दहा आम्ही चौघी तिथेच असतो.

६ नोव्हेंबरला बीकेसीच्या सभेत महाविकास आघाडीनं महालक्ष्मी योजना जाहीर केली. बायकांना महिन्याला ३,००० रुपये आणि एसटीचा प्रवास फुकट. मी त्या सभेचं पत्रक घरोघर वाटलंय. वाटताना मला कधीच वाटलं नाही की आपण मतं विकत घ्यायला निघालो आहोत. मला वाटलं, घर चालवणाऱ्या बाईला आधार मिळावा म्हणून आपण हे बोलतोय. तेव्हा जर माझा हेतू खरा होता, तर १,५०० घेणाऱ्या माझ्या शेजारणीचा हेतूही खराच मानला पाहिजे. त्या पत्रकावर दारादारांत बायका एकच प्रश्न विचारायच्या: ‘ते देतायत. तुम्ही देणार म्हणताय. पण फॉर्म भरताना तुम्ही कुठे होतात?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फक्त पैशानं निकाल फिरला असंही मी मानत नाही. ‘बटेंगे तो कटेंगे’ आमच्या चाळीतही बोललं गेलं. आमच्या नळावर सतरा वर्षं पाणी भरणारी एक मुसलमान बाई आहे, त्या दिवसांत ती कळशी भरून लवकर निघून जायची, थांबायची नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं. पण ते बोलणं खोडायला तरी कोण आलं होतं? ऑक्टोबरभर तुमचे जागावाटपाचे वाद टीव्हीवर चालू होते. अर्ज भरायचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर, आणि तोपर्यंत कुठली जागा कुणाची याचा घोळ. मुख्यमंत्री कोण होणार, यावर रोज नवीन नाव. लोक मला विचारायचे आणि मी सांगायचे, होईल सगळं नीट.

आता मतदानाच्या मशीनबद्दल, ज्यात गडबड झाली म्हणून हरलो असं तुम्ही म्हणता. यावर मला थोडं जास्त लिहायचंय, कारण इथे मी काहीतरी प्रत्यक्ष बघितलंय.

२० तारखेला पहाटे पाचला मी केंद्रावर पोहोचले. साडेपाचला मॉक पोल, म्हणजे मशीन तपासायचं खोटं मतदान, सुरू झालं. आम्हा एजंटांसमोर पन्नासच्या वर मतं टाकली, मत कुणाला गेलं ते छापून येणाऱ्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजल्या, मशीनचा आकडा जुळवला, मग मशीन मोकळं केलं, चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सीलबंद केल्या, त्यावर आम्ही सह्या केल्या. सातला मतदान सुरू. दिवसभर मी यादीवर खुणा करत होते. जेवायलाही बाहेर गेले नाही, केळी खाल्ली. सहा वाजता दरवाजा बंद केला तेव्हा आत रांगेत तीसेक माणसं होती. केंद्राध्यक्षांनी रांगेतल्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत पुढे आणल्या, म्हणजे मागून कुणी घुसू नये. त्या सगळ्यांचं मतदान होईपर्यंत पावणेसात वाजले. मग मशीन बंद केलं, एकूण मतं किती झाली ते नमुना १७ सी मध्ये लिहिलं, सीलचे नंबर लिहिले, आमच्या सह्या घेतल्या आणि आम्हाला एक-एक प्रत दिली.

माझ्या केंद्रावर मला काहीही वावगं दिसलं नाही. हे मी शपथेवर सांगेन. दुसऱ्या केंद्रांवर काय झालं ते तिथल्या एजंटांनी सांगावं.

संध्याकाळी पाचला राज्यात ५८.२२ टक्के मतदान झालं होतं आणि शेवटचा आकडा ६६.०५ आला, यावरून गदारोळ चाललाय. एवढी मतं रात्री कुठून आली, असं तुम्ही विचारता. प्रश्न विचारायला हरकत नाही. पण त्याचं उत्तर तुमच्याच घरात आहे. पाचचा आकडा केंद्रावरून तोंडी किंवा फोनवर कळवलेला होता, अंदाजाचा. १७ सी वर शेवटच्या माणसाचं मत धरून पक्का आकडा असतो, केंद्राध्यक्षांच्या सहीचा. राज्यात एक लाखाहून जास्त मतदान केंद्रं आहेत. तुमचे एजंट जिथे जिथे बसले होते तिथे तिथे हा कागद आहे. सगळे गोळा करा, बेरीज करा, मोजणीच्या दिवशीच्या आकड्यांशी केंद्रवार ताडून बघा. जिथे एका मताचाही फरक येईल ते केंद्र लोकांसमोर मांडा. मी तुमच्या मागे उभी राहीन.

माझा कागद मागायला मात्र कुणीही आलेलं नाही. २० तारखेच्या रात्री मी कार्यालयात घेऊन गेले, तर मला सांगितलं, ताई, राहू दे तुमच्याकडेच, उद्या बघू. मोजणीच्या दिवशी मी फोन केला, केंद्राचा नंबर आणि आकडा सांगायला. पलीकडून ‘हो हो’ म्हणून फोन ठेवला. मोजणीच्या टेबलावर बसणाऱ्या आपल्या माणसाच्या हातात हा कागद असायला हवा होता. तो माझ्या देवघराच्या खणात, अंगाऱ्याच्या पुडीखाली पडून आहे. शेजारच्या केंद्रावर बसलेल्या मुलाला विचारलं, त्याचा कागद पँटच्या खिशात धुतला गेला.

सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ ला निकाल दिलाय की दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार निकालानंतर सात दिवसांत अर्ज करून मतदारसंघातल्या पाच टक्के मशीनची तपासणी मागू शकतो. २०२४ मध्ये त्यासाठी मशीनमागे ४०,००० रुपये आणि वर जीएसटी भरावा लागत होता, गडबड सापडली तर पैसे परत. काही उमेदवारांनी अर्ज केले, चांगलं केलं. प्रत्येक मतदारसंघात पाच केंद्रांवरच्या चिठ्ठ्या तशाही मोजल्या जातात, २८८ चे १,४४० होतात, आणि आयोगाचं म्हणणं आहे की कुठेही फरक आला नाही. तुम्हाला ते पटत नसेल तर मानू नका. पण ७ डिसेंबरला महाविकास आघाडीच्या आमदारांनी निषेध म्हणून शपथ घेतली नाही आणि ८ ला घेतली, त्यानं माझ्यासारखीला काय कळायचं? मला कागद हवा. तुमच्या हातात लाखभर कागद आहेत किंवा असायला हवे होते. ते न जुळवता मशीनला दोष देणं म्हणजे आम्ही जे एजंट पहाटेपासून बसलो होतो त्यांच्या सहीला काही किंमत नाही असं म्हणणं आहे.

मला अजून एक गोष्ट तुमच्याकडून हवी आहे. ती छोटी वाटेल, पण आमच्यासाठी मोठी आहे. निकालानंतर दुसऱ्या दिवसापासून आमच्या भागातलं कार्यालय बंद आहे. कुलूप लागलंय. बाहेरचा बॅनर एका बाजूनं सुटून लोंबतोय.

मुंबई महापालिकेत नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, तेव्हापासून आज, डिसेंबर २०२४ पर्यंत, नगरसेवक नाहीत. २२७ प्रभागांत एकही निवडून आलेला माणूस नाही, सगळं प्रशासक बघतात. आमच्या वरच्या लेनची पाण्याची लाइन फुटली की आम्ही वॉर्ड ऑफिसला जातो, तिथे अर्ज घेतात, शिक्का मारतात. पूर्वी अर्जाबरोबर नगरसेवक यायचा, नाहीतर निदान त्याचा माणूस. डोंगराच्या कडेच्या घरांना दर पावसाळ्याआधी दरड कोसळण्याची नोटीस मिळते, स्थलांतर करा म्हणून. कुठे करायचं ते त्यात लिहिलेलं नसतं. संरक्षक भिंतीचं काम अर्धं झालंय, आमच्या बाजूचं राहिलंय. हे सगळं घेऊन आम्ही कुणाकडे जायचं? आमदार आता दुसऱ्या पक्षाचे आहेत, आम्ही त्यांच्याकडेही जाऊ, ते आमचेही आमदार आहेत. पण ज्यांना आम्ही मतं दिली त्यांच्या दाराला कुलूप असावं, हे मला सहन होत नाही. महाराष्ट्रात मतदान केलेल्या साधारण तिघांतल्या एकानं महाविकास आघाडीच्या तीन पक्षांना मत दिलंय. जागा ४६ आल्या तरी माणसं तेवढी नाहीत, कितीतरी जास्त आहेत. त्यातली काही माणसं आमच्या चाळीत राहतात आणि त्यांच्या घरात पाणी येत नाही.

१६ डिसेंबरपासून नागपूरला अधिवेशन आहे. विधानसभेत विरोधी पक्षनेता नसेल असं बोललं जातंय, कारण त्यासाठी एका पक्षाचे २९ आमदार लागतात आणि तुमच्यात सगळ्यात मोठ्या पक्षाकडे २० आहेत. पद मिळालं तर मागून घ्या, अध्यक्षांशी बोला, तो तुमचा प्रश्न. पद नसलं तरी प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. महायुतीनं प्रचारात १,५०० चे २,१०० करू म्हणून सांगितलं होतं. कोणत्या महिन्यापासून, ते सभागृहात विचारा. आता अर्जांची छाननी होणार, नावं गळणार अशी चर्चा वस्तीत सुरू झालीय आणि बायका घाबरल्या आहेत. जुलैमध्ये घाईनं फॉर्म भरून घेताना जे नियम सैल केले, त्याचा भुर्दंड आता बाईवर पडू नये, हे ठणकावून सांगा. ज्यांना तुम्ही विकलेल्या म्हणालात त्यांच्यासाठी तुम्ही सभागृहात उभे राहिलात, तर ते इथपर्यंत पोहोचेल. आमच्याकडे बातम्या बघतात.

आणि महापालिकेची निवडणूक कधीतरी लागेलच. तेव्हा पत्रकं वाटायला मला बोलावणं येईल. मी जाईनही. पण त्याआधी एक करा. ज्या कुणी ते वाक्य बोललंय त्यानं निदान एकदा पायऱ्या चढून वर यावं. माफी मागायला नाही म्हणत मी. त्या मावशी पोळ्या लाटत असतात, त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसावं, जुलैमध्ये काय झालं ते विचारावं, त्या सांगतील तेवढं लिहून घ्यावं. गरम पोळी मिळेल.

कार्यालयाची किल्ली कुणाकडे आहे ते कळवा, झाडलोट आम्ही चौघी करू. आणि १७ सी चा कागद कुणाच्या हातात द्यायचा तेही सांगा. दुपारी दोननंतर मी घरीच असते. कागद मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय, सही नीट वाचता येते.

आपली,
एक मतदार आणि पोलिंग एजंट
मुंबई, डिसेंबर २०२४